पहिलं पुस्तक कसं काढायचं? कोल्हापूर परिसरातल्या नवलेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुद्रितशोधनाचं, म्हणजे प्रूफं वाचून चुका दुरुस्त करण्याचं, काम करते. पहिलं पुस्तक काढणारी माणसं माझ्यापर्यंत येतात ती बहुतेक वेळा सगळं ठरून गेल्यावर. पैसे देऊन झालेले असतात, मुखपृष्ठ छापून झालेलं असतं आणि कार्यक्रमाची तारीखही धरलेली असते. चंदगडच्या शिक्षिका असोत, गडहिंग्लजचे निवृत्त तलाठी असोत किंवा इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी करून रात्री कविता लिहिणारा मुलगा असो, प्रश्न सगळ्यांचे सारखेच असतात. ते सहा महिने आधी विचारले गेले असते तर पुस्तक वेगळं झालं असतं, असं मला फार वेळा वाटलं आहे. म्हणून ही उत्तरं. ती कथा, कादंबरी, कविता, ललित लेख आणि आत्मकथन लिहिणाऱ्यांसाठी आहेत. शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा व्यवहार निराळा चालतो.

माझं लिखाण पुस्तकाएवढं झालं आहे का, हे कसं ओळखायचं?

लांबीचा अंदाज सोपा आहे. मराठीत कादंबरी किंवा कथासंग्रह साधारण डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचात निघतो. त्या पानावर अडीचशेच्या आसपास शब्द बसतात. चाळीस हजार शब्द असतील तर १६० पानं धरा. कवितासंग्रहाला साठ-सत्तर कविता पुरतात, आणि त्या शंभर-सव्वाशेतून निवडलेल्या असाव्यात.

लिखाण तयार आहे का, हे मात्र पानांवरून कळत नाही. शेवटचं वाक्य लिहिल्यावर वही दोन-तीन महिने कपाटात ठेवा. मग सगळं मोठ्यानं वाचा. जिथं तुमची जीभ अडखळेल, जिथं तुम्हालाच पुढचं पान उलटावंसं वाटेल, तिथं खूण करा. त्यानंतर ते घरच्या माणसाला न देता, भरपूर वाचणाऱ्या आणि तुमची भीड न ठेवणाऱ्या एखाद्याला द्या. 'कसं वाटलं?' असं विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. 'कुठं कंटाळा आला?' असं विचारा.

आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात छापून यायलाच हवं का?

अट नाही, पण उपयोग मोठा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची ओळख पुस्तकाआधी अंकातून होत आली आहे. संपादक कथा परत पाठवतो किंवा दोन परिच्छेद कापून छापतो, तेव्हा पुस्तकाच्या वेळी लागणारी सवय होते. प्रकाशकालाही तुम्ही सातत्यानं लिहिता हे दिसतं. अंकासाठी मजकूर पाठवायचा तो उन्हाळ्यातच. गणपतीपर्यंत बहुतेक अंक भरत आलेले असतात. काय, कुठं, कोणत्या साली छापून आलं याची नोंद ठेवा, ती पुस्तकाच्या श्रेयपानावर लागते.

माझी भाषा कोल्हापुरी आहे. प्रकाशक ती 'शुद्ध' करून टाकतील का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. कागल, करवीर, पन्हाळा, आजरा या भागांतल्या बोलीत लिहिलेलं साहित्य मराठी वाचकानं कित्येक दशकं प्रेमानं वाचलं आहे. बोलीमुळं पुस्तक नाकारलं गेलं असं आजच्या काळात क्वचितच होतं. नाकारलं जातं ते बोली कच्ची असल्यामुळं. पहिल्या पानावर 'न्हाई', चौथ्यावर 'नाय' आणि दहाव्यावर 'नाही', आणि बोलणारा माणूस तोच! वाचकाला तिथं माणूस ऐकू येत नाही.

साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम प्रमाणलेखनासाठी आहेत. तुमचं निवेदन प्रमाण मराठीत असेल तर ते पाळावेत. पात्रांच्या तोंडची बोली मात्र तुमच्या कानानं ठरवायची आहे. त्यासाठी एका कागदावर यादी करा: कडं की कडे, व्हता की हुता, न्हवं की नव्हं. चंदगडचा माणूस शिरोळच्या माणसासारखा बोलत नाही. शिरोळकडं कानडीचा शेजार आहे आणि चंदगडच्या बोलीत कोकणीचा वास आहे. हा फरक दाखवायचा असेल तर दोन पात्रांच्या दोन याद्या होतील. ती यादी मुद्रितशोधकाला आणि अक्षरजुळणी करणाऱ्याला द्या, नाही तर आमच्यासारखी माणसं चांगल्या हेतूनं तुमची 'चूक' दुरुस्त करून बसतात.

तळटिपांचा मारा करू नका. संदर्भावरून शब्द कळत असेल तर त्याचा अर्थ शेजारी देऊ नये.

हातानं लिहिलेलं चालतं का?

काही ठिकाणी अजून चालतं, पण टाइप केलेलं असेल तर तुमचं काम सोपं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. मोबाइलवर बोलून टाइप करणाऱ्यांनी प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी, कारण तिथं ऱ्हस्वदीर्घ आणि विरामचिन्हं दोन्ही हरवतात. फाइलची एक प्रत स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. हस्तलिखिताची एकुलती एक प्रत कुणालाही, कितीही मोठ्या प्रकाशकाला, देऊ नका.

प्रकाशक शोधायचा कसा? मध्यस्थ लागतो का?

मराठीत लेखकाचा प्रतिनिधी नेमायची पद्धत जवळपास नाही. लेखक थेट प्रकाशकाशी बोलतो, आणि नव्या लेखकाचं पत्र वाचलं जातं.

शोध ग्रंथालयातून सुरू करा. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असतंच. गेल्या पाच वर्षांत आलेली, तुमच्या पुस्तकाशी नातं सांगणारी दहा-बारा पुस्तकं काढा आणि ती कुणी छापली ते लिहून घ्या. छपाई कशी आहे, शुद्धलेखन कसं आहे, नव्या लेखकांची पुस्तकं ते काढतात का, हे तिथंच कळतं. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात ग्रंथप्रदर्शन लागलं की तिथंही जा. प्रकाशक स्वतः किंवा त्यांची माणसं तिथं बसलेली असतात. तिथं बाड हातात कोंबू नये. कोणत्या प्रकारचं साहित्य घेता, कुणाकडं पाठवायचं, एवढं विचारून यावं.

नंतर पत्र किंवा ईमेल पाठवा. त्यात एक पानाचं निवेदन, सारांश आणि दोन प्रकरणं किंवा तीन कथा असाव्यात. सारांशात शेवटही सांगायचा, उत्कंठा राखायची जागा ती नव्हे. स्वतःबद्दल चार ओळी पुरे. 'सर्वांना आवडेल असं पुस्तक' असं लिहू नका. कुणी वाचावं असं तुम्हाला वाटतं ते नेमकं लिहा: ऊसतोड कामगारांची मुलं, पहिल्यांदा शहरात आलेल्या मुली, शेती सोडून नोकरीला लागलेली पिढी.

उत्तराला किती दिवस लागतात? एकाच वेळी चौघांकडं पाठवलं तर?

तीन ते सहा महिने धरून चला. पाठवायला हरकत नाही, पण पत्रात तसं स्पष्ट लिहा, आणि एकानं होकार दिला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. मराठी प्रकाशनाचं जग लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.

नकार आला तर?

कारण दिलं असेल तर ते दोनदा वाचा. दोन वेगळ्या प्रकाशकांनी एकच कारण दिलं असेल तर लिखाणाकडं परत जा. कारण दिलं नसेल तर पुढच्या ठिकाणी पाठवा.

प्रकाशक पैसे मागतात. द्यावेत का?

इथं घाई करू नका. एखाद्या लेखकानं स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणं यात कमीपणा काही नाही. मराठीत चांगले कवितासंग्रह असे निघाले आहेत, निघत आहेत. पण पैसे तुम्ही देत असाल तर पुस्तकाचे मालक तुम्ही आहात, आणि सगळा व्यवहार त्याच पायावर व्हायला हवा.

हिशेब कागदावर मांडून बघा. समजा १६० पानांचं पुस्तक आहे, किंमत २५० रुपये, प्रती ५००. दुकानदार आणि वितरक मिळून चाळीस टक्के कमिशन घेत असतील तर एका प्रतीमागं १५० रुपये हातात येतात. एकही प्रत भेट न देता पाचशेच्या पाचशे विकल्या तरी ७५ हजार होतात. तुमच्याकडं नव्वद हजार मागितले असतील तर विक्रीतून ते कधीच परत येणार नाहीत, आणि हे मागणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून शहरातल्या दोन छापखान्यांतून तेवढ्याच पानांचं, तेवढ्याच प्रतींचं कागद, छपाई, बांधणीचं दरपत्रक घ्या. मागितलेली रक्कम त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल तर वरचे पैसे कशासाठी ते विचारा. संपादनासाठी असतील तर संपादक कोण? वितरणासाठी असतील तर कोणत्या गावी, कोणत्या दुकानात?

रक्कम देण्याआधी या गोष्टी लेखी घ्या: किती प्रती छापणार, त्यातल्या किती तुमच्या, उरलेल्या कुठं राहणार, विकलेल्यांचा हिशेब कधी देणार, कागद किती जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅमचा), मुद्रितशोधन किती वेळा, पुस्तक कोणत्या महिन्यात हातात येणार. सगळी रक्कम एकदम देऊ नका. काही सुरुवातीला, काही अंतिम मुद्रित मंजूर केल्यावर, उरलेली प्रती मोजून घेतल्यावर.

मी असे लेखक बघितले आहेत ज्यांच्या पाचशे प्रती टेम्पोतून घरी आल्या, आणि त्यानंतर प्रकाशकाचा फोन लागेना. प्रती पलंगाखाली गेल्या. पाचशे प्रती छापून द्यायला कुठलाही छापखाना समर्थ आहे. तुमच्या ओळखीपलीकडच्या वाचकाच्या हातात पुस्तक नेऊन ठेवणं हे प्रकाशकाचं काम. ते काम जो करणार नाही, त्याला छपाईपेक्षा जास्त पैसे देण्याचं कारण मला दिसत नाही.

सरकारी अनुदान मिळतं का?

मिळतं, आणि आपल्याकडची माणसं त्यासाठी फारच कमी अर्ज करतात. १९६० साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान देतं. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित, बालसाहित्य असे प्रकार त्यात येतात. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यालाच हे मिळतं, म्हणून घाईनं घरच्या घरी छापलेली एखादी पुस्तिका पुढं आड येऊ शकते. मंडळाचं आवाहन वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर येतं. मुदत, पानांची मर्यादा, अर्जाचा नमुना त्या वर्षीच्या आवाहनात बघूनच पाठवा. हस्तलिखित परीक्षकांकडून वाचून घेतलं जातं, त्यामुळं वेळ लागतो.

पस्तीस वर्षांच्या आतले असाल तर साहित्य अकादमीची नवोदय योजनाही बघा. तीही पहिल्या पुस्तकासाठी आहे.

करारात काय बघायचं?

आधी हे की करार असायलाच हवा. 'आपल्यात कागद कशाला' असं प्रेमानं म्हणणारा प्रकाशक उद्या नसेल, त्याचा मुलगा असेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ लेखकाच्या बाजूनं उभं आहे, ते समजून घ्या. हक्क देण्याचा व्यवहार लेखी आणि सहीचा लागतो. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, प्रकाशकानं घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही की तो संपतो. अडकून पडलेल्या हस्तलिखितांच्या बाबतीत हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे.

'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं एखाद्या ओळीत दडलेलं असतं. तिथं थांबा. छापील पुस्तकाचे हक्क द्या. ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, भाषांतर आणि चित्रपट-मालिका यांचे हक्क स्वतंत्र कलमात, स्वतंत्र मोबदल्यासह असावेत. कोल्हापूर चित्रपटाचं गाव आहे. इथं गोष्ट ऐकून 'यावर पिक्चर काढू' म्हणणारा माणूस कधीही भेटू शकतो. तेव्हा तो हक्क तुमच्याकडंच असलेला बरा.

मानधन साधारणपणे छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. २५० रुपयांच्या पुस्तकावर प्रतीमागं २५ रुपये, पाचशे प्रती संपल्या तर साडेबारा हजार. एवढंच? हो, पहिल्या पुस्तकाला एवढंच. पण टक्केवारी छापील किमतीवर आहे की सवलत वजा जाता आलेल्या रकमेवर, हे वाचून घ्या, त्यात जवळपास निम्म्याचा फरक पडतो. हिशेब वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. लेखकाला मोफत प्रती किती, जादा हव्या असतील तर कोणत्या सवलतीनं. पुस्तक संपलं आणि ठरावीक मुदतीत नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क परत, हेही कलम घालून घ्या. सही करण्याआधी करार घरी आणून वाचायचा तुम्हाला अधिकार आहे.

कुणी माझं लिखाण चोरलं तर? कॉपीराइटची नोंदणी करावी का?

लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. वादाच्या वेळी पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, आणि साहित्यकृतीसाठी तिचं शुल्क ५०० रुपये आहे. प्रकाशक हस्तलिखित चोरतात ही भीती नव्या लेखकांना फार असते. माझ्या पाहण्यात त्याहून जास्त नुकसान न वाचता केलेल्या सहीनं झालं आहे.

कादंबरीत गाण्याच्या किंवा कवितेच्या ओळी वापरल्या तर चालतील?

लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडं किंवा ज्याला दिले असतील त्याच्याकडं राहतो, आणि ती वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजायची. आपल्या वि. स. खांडेकरांचं उदाहरण घ्या. ते २ सप्टेंबर १९७६ रोजी गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०३६ साल संपेपर्यंत संरक्षित आहे. प्रकरणाच्या डोक्यावर त्यांचा उतारा टाकायचा असेल तर परवानगी मागावी. समीक्षेसाठी थोडा मजकूर उद्धृत करायला कायदा मोकळीक देतो, सजावटीसाठी ती गृहीत धरू नये. चित्रपटगीतांच्या बाबतीत तर जास्तच जपा. ज्ञानेश्वर, तुकाराम, जुन्या ओव्या यांना ही अडचण नाही, मात्र हल्लीच्या संपादकानं लिहिलेलं विवरण त्याचं असतं.

संस्थानकाळावर लिहिणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. कोल्हापूरच्या पुरालेखागारातली कागदपत्रं, कुणाच्या वाड्यातली जुनी छायाचित्रं छापायची असतील तर परवानगी लेखी घ्या आणि श्रेय द्या. गुगलवरून उतरवलेलं चित्र मुखपृष्ठावर टाकू नका.

गावातली खरी माणसं पात्रं म्हणून आली आहेत. अडचण होईल का?

नाव बदललं, पण हुद्दा, वाडा आणि लंगडा पाय तोच ठेवला, तर गाव ओळखतंच. बदनामीचा दावा नाव बदलल्यानं टळत नाही. कादंबरीत दोन-तीन माणसं मिसळून एक पात्र करा. आत्मकथनात हे शक्य नसतं. तिथं जे सिद्ध करता येईल तेच लिहा, आणि बायका-मुलांच्या खासगी गोष्टी लिहिताना त्यांना आधी वाचून दाखवा. मला हे कायद्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

आयएसबीएन कुठून मिळतो? विकत घ्यायचा असतो का?

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. भारतात तो मोफत मिळतो. दिल्लीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो. स्वतः पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो. तेरा आकडे असतात, भारतातल्या पुस्तकांचे क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतात. छापील आणि ई-पुस्तकाला वेगळे क्रमांक लागतात. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही. कुणी 'आयएसबीएनचे पाच हजार' असं बिल दाखवलं तर ते अर्ज भरून देण्याचे पैसे आहेत, क्रमांकाचे नव्हेत, आणि अर्ज तुम्हाला भरता येतो.

स्वतःच छापायचं ठरवलं तर काय काय बघावं?

आतला कागद ७० जीएसएमचा, पिवळसर छटेचा घ्या. फार पांढरा कागद डोळ्यांना टोचतो. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मवर छापलं जातं, त्यामुळं पानसंख्या सोळाच्या पटीत बसवली की कागद वाया जात नाही. १६० पानं म्हणजे दहा फॉर्म. १६३ झाली तर मांडणी करणाऱ्याबरोबर बसून तीन पानं कमी करा. ऑफसेट छपाई पाचशेच्या पुढं परवडते. शंभर-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई बरी. हजार प्रती 'स्वस्त पडतात' म्हणून काढू नका, उरलेल्या पाचशेंना ओल लागते.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथं एकेक प्रत पाठवणं १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः छापलंत तर प्रकाशक तुम्ही. टपालखर्चाच्या मानानं हे फार मोलाचं आहे. शंभर वर्षांनी कुणी शोधलं तर पुस्तक तिथं सापडेल.

मुद्रितशोधन किती वेळा हवं?

किमान तीन वेळा. पहिलं मूळ प्रतीशी ताडून, दुसरं मांडणी झाल्यावर, तिसरं छपाईला जाण्याच्या आदल्या फाइलवर. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेताना सगळ्यात जास्त घोळ होतो. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, 'ऱ्ह' फुटतो, अवतरणचिन्हं उलटी होतात. शेवटचं वाचन लेखकानं एकट्यानं करू नये. आपण लिहिलेलं आपल्याला पाठ असतं, डोळा चुकीच्या जागी बरोबर अक्षर वाचून पुढं जातो. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठही वाचायचं असतं. कण्यावर लेखकाचं नाव चुकलेलं पुस्तक मी हातात घेतलं आहे.

मोठ्या लेखकाची प्रस्तावना हवीच का?

नको. पुस्तक वाचून त्यांना खरंच काही म्हणायचं असेल तर जरूर घ्या. दोन वर्षं प्रस्तावनेसाठी पुस्तक अडवून ठेवू नका.

प्रकाशन समारंभ मोठा करावा का?

ऐपत असेल आणि आनंद होणार असेल तर करावा, आपल्या माणसांना बोलवावं. पण सभागृह, हार, शाल-श्रीफळ, फ्लेक्स आणि जेवणावर जेवढे जातात तेवढ्यात पुस्तकाचं नीट संपादन झालं असतं, अशी उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मला आवडतात ते छोटे कार्यक्रम: गावच्या वाचनालयात, शाळेत, तालमीच्या कट्ट्यावर लेखक स्वतः वीस मिनिटं वाचून दाखवतो आणि नंतर प्रती विकत मिळतात. विकतच. नातेवाइकांना पहिल्या दिवसापासून विकत घ्यायची सवय लावा.

पुस्तक विकायचं कसं?

दुकानदार नव्या लेखकाच्या पाच-दहा प्रती विक्रीनंतर हिशेब या बोलीवर ठेवून घेतात. पोच घ्या आणि दोन महिन्यांनी स्वतः जाऊन विचारा.

खरा आधार आहे तो ग्रंथालयांचा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळं महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत आणि त्यांना दरवर्षी पुस्तकं घ्यावी लागतात. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, त्यासाठी पुस्तक वेळेत पाठवा. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, तेव्हा जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना हिवाळ्यातच पत्र आणि पुस्तकाची माहिती गेलेली असावी. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात ते एका ठिकाणी भेटतात. शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागाला आणि महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना पुस्तकाची ओळख करून द्या, अभ्यासकांची नजर तिथून पडते. वर्तमानपत्रांकडं परीक्षणासाठी प्रती पाठवताना सोबत एक पानाची माहिती जोडा, आणि दर आठवड्याला फोन करू नका.

ई-पुस्तक काढावं का? प्रतिलिपी ॲपवर आधीच टाकलं असेल तर?

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक लेखकाला स्वतः टाकता येतं, खर्च जवळपास नाही. बाहेरगावी आणि परदेशी असलेल्या वाचकांसाठी ते चांगलं. प्रतिलिपी, फेसबुक किंवा ब्लॉगवर आलेलं लिखाण बरेच प्रकाशक घेतात, पण आधी सांगावं लागतं. स्पर्धा आणि अनुदानांचे नियम मात्र वेगळे असू शकतात, ते वाचूनच पुढचं ठरवा. प्रकाशकाशी ई-हक्काचा करार झाला असेल तर स्वतः टाकता येणार नाही.

पहिल्या पुस्तकासाठी कोणते पुरस्कार आहेत?

राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे स्वतंत्र विभाग आहेत. काव्यासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या, ललितगद्यासाठी ताराबाई शिंदे यांच्या नावाचा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. आपल्याकडं दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभा दरवर्षी ग्रंथपुरस्कार देते, त्यांचं आवाहन स्थानिक वर्तमानपत्रांत येतं. प्रवेशशुल्क मागून 'राज्यस्तरीय' पुरस्कार देणाऱ्या, नाव कधी न ऐकलेल्या संस्थांना पैसे पाठवू नका.

पहिली आवृत्ती संपली. आता?

वाचकांनी दाखवलेल्या चुका ज्या प्रतीत टिपून ठेवल्या असतील ती प्रत काढा. मांडणीची मूळ फाइल आणि मुखपृष्ठाची फाइल तुमच्याकडं आहे का ते बघा. नसेल तर छापखान्याकडून आजच मागून घ्या, संगणक बदलला की त्या जातात. चुका दुरुस्त करून छापलंत तर ते पुनर्मुद्रण. नवी प्रकरणं घातलीत तर ती दुसरी आवृत्ती, तिला नवा आयएसबीएन लागेल. आणि छापण्याआधी करार पुन्हा वाचा: मानधनाची टक्केवारी दुसऱ्या आवृत्तीला वाढवून मागता येते, बहुतेक लेखक मागत नाहीत.